प्रस्तावना : प्लॅटिनम टिकावं म्हणून

रायगड जिल्ह्यात प्लॅटिनम सराफाच्या दुकानात क्वचित दिसतं, पण तळोज्याला ते वर्षानुवर्षं कामावर आहे. नायट्रिक आम्ल तयार करताना अमोनिया आणि हवा यांचं मिश्रण प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बारीक जाळीतून सोडतात. जाळी साडेआठशे-नऊशे अंशांना तापून लाल झालेली असते. वायूला तिच्यातून पार व्हायला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो आणि तेवढ्यात अमोनियाचा नायट्रिक ऑक्साइड होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी या पद्धतीचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं. जगभरचे नायट्रिक आम्लाचे कारखाने आजही याच वाटेने जातात, आणि तळोज्याचा दीपक फर्टिलायझर्स हा त्यांतलाच एक.

उत्प्रेरक क्रियेत भाग घेतो, पण शेवटी जसाच्या तसा उरतो, असं आपण शाळेत शिकतो. कारखान्यात काम करणाऱ्याला मात्र ठाऊक असतं की तो जसाच्या तसा उरत नाही. तापलेल्या जाळीवरचं प्लॅटिनम ऑक्साइडच्या वाफेच्या रूपात थोडं थोडं उडून जातं. टनभर आम्लामागे हा तोटा एका ग्रॅमच्या काही अंशाइतकाच असतो, पण वर्षभराच्या टनांचा हिशेब मांडला की तो डोळ्यांत भरतो. म्हणून जाळीखाली पॅलेडियमची दुसरी जाळी बसवतात आणि उडालेलं बरंचसं प्लॅटिनम ती धरून ठेवते. उत्प्रेरक झिजणारच हे गृहीत धरून, झिजेचा हिशेब ठेवून, उडालेलं परत मिळवून हा उद्योग शंभर वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

हे पुस्तक अशाच एका झिजेबद्दल आहे, फक्त तिची जागा निराळी आहे. इथे नऊशे अंशांची भट्टी नाही, ऐंशी अंशांचा ओलसर, आम्लधर्मी इंधन घट आहे. डोळ्यांना दिसेल अशी तारेची जाळी नाही, काळ्या कार्बनच्या भुकटीवर विखुरलेले दोन-तीन नॅनोमीटरचे प्लॅटिनमचे कण आहेत. तारेच्या जाडीतून थोडं गेलं तरी तार उरते. तीन नॅनोमीटरच्या कणात सारे मिळून हजाराच्या आतबाहेर अणू. त्यातले थोडे गेले तरी कणाचं सगळं गणित बदलतं.

इंधन घटाची रचना मुळात साधी आहे. मधे प्रोटॉन वाहून नेणारा प्लास्टिकचा पातळ पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना उत्प्रेरकाचा थर. एका बाजूला हायड्रोजन, दुसरीकडे हवा. हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून मोटार चालवतात, प्रोटॉन पडद्यातून जातात आणि पलीकडे ऑक्सिजनशी मिळून पाणी होतं. जळण नाही, ज्योत नाही, धूर नाही. हायड्रोजनच्या बाजूची क्रिया इतकी सहज होते की तिथे नावापुरतं प्लॅटिनम पुरतं. सगळा खोळंबा ऑक्सिजनच्या बाजूला, म्हणजे कॅथोडवर आहे.

ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध तोडायचा, त्याला चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन द्यायचे, आणि मधल्या पायऱ्यांवर तयार होणारे तुकडे पृष्ठभागावरून वेळेवर सोडवायचे, असं हे ऑक्सिजन क्षपणाचं काम आहे. पृष्ठभागाने ऑक्सिजनला फार सैल धरलं तर बंध तुटत नाही आणि फार घट्ट धरलं तर तो सुटत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेलं हे तत्त्व इथे अगदी नेमकं लागू पडतं. प्लॅटिनम या दोन टोकांच्या मधे इतर कुठल्याही एकट्या धातूपेक्षा चांगलं बसतं, तरी ते ऑक्सिजनला किंचित जास्त घट्ट धरतं. किती जास्त, याचा हिशेब डेन्मार्कच्या येन्स नॉर्स्कोव्ह यांच्या गटाने २००४ मध्ये संगणकावर मांडला. घटातून कागदोपत्री १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात भार घेतला की हातात ०.६ ते ०.७ पडतात. या तुटीचा सर्वांत मोठा वाटा ऑक्सिजनच्या या किंचित जास्त घट्ट पकडीचा आहे.

या विषयाचा इतिहास लांब आहे, पण तो मी थोडक्यातच सांगतो, कारण पुस्तकात तो सविस्तर येतो. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ ते १८४२ या काळात प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरून पहिला इंधन घट बनवला. ज्यांच्या नायट्रिक आम्लाचा उल्लेख वर आला त्याच ऑस्टवाल्ड यांनी १८९४ मध्ये, वाफेच्या इंजिनाची जागा एक दिवस विजेचे असे घट घेतील, असं भाकीत केलं होतं. पण असे घट प्रत्यक्ष कामाला यायला अंतराळयुग यावं लागलं. १९६५ मध्ये जेमिनी-५ या अमेरिकी यानात पडद्याचा इंधन घट होता. पण त्या काळी एका चौरस सेंटिमीटरला चार मिलिग्रॅमच्या आसपास प्लॅटिनम लागे. अंतराळात ते परवडलं, रस्त्यावर परवडण्याचा प्रश्नच नव्हता. १९८० च्या दशकात आणि १९९० च्या सुरुवातीला लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेने उत्प्रेरकाच्या थरातच पडद्याचं पॉलिमर मिसळायची युक्ती काढली आणि प्लॅटिनमची गरज दहापट खाली आली. इंधन घट गाडीत बसवण्याचा विचार खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला.

प्लॅटिनम कमी करायचं तर कण लहान हवा, म्हणजे जास्तीत जास्त अणू पृष्ठभागावर येतात. तीन नॅनोमीटरच्या कणात साधारण चाळीस टक्के अणू पृष्ठभागावर असतात. पोटातले उरलेले साठ टक्के ऑक्सिजनला कधी भेटतच नाहीत. कण पाच नॅनोमीटरचा झाला की पृष्ठभागावरचे अणू पाव भागावर येतात. तेवढंच प्लॅटिनम, पण काम करणारी जागा चाळीस टक्क्यांनी कमी. इथेच अडचण आहे. लहान कण जितका उपयोगी, तितका तो अस्थिर. त्याच्या पृष्ठभागावरच्या अणूंना शेजारी कमी, त्यामुळे ते लवकर सुटतात, विरघळतात आणि जवळच्या मोठ्या कणावर जाऊन बसतात. लहान कण नाहीसे होतात आणि मोठे आणखी मोठे होतात. या प्रकाराला ऑस्टवाल्ड पक्वन म्हणतात. पुन्हा तेच ऑस्टवाल्ड! ज्याने नायट्रिक आम्लाच्या कारखान्यात प्लॅटिनम आणलं, ज्याने इंधन घटाचं भविष्य पाहिलं, त्याच्याच नावाने आज त्या घटाचा मुख्य आजार ओळखला जातो. प्रयोगशाळेत हा विषय निघाला की मला दर वेळी याचं नवल वाटतं.

प्लॅटिनमला आपण राजधातू म्हणतो, तरी ते विरघळतं हे नवख्या विद्यार्थ्याला पटत नाही. स्थिर व्होल्टेजला ते फार हळू विरघळतं हे खरं आहे. पण गाडी स्थिर चालत नाही. पायाखाली ॲक्सिलरेटर दाबला की कॅथोडचं व्होल्टेज खाली येतं, सोडला की वर जातं. वर गेल्यावर प्लॅटिनमवर ऑक्साइडचा थर चढतो, खाली आल्यावर तो उतरतो. या चढउतारात पृष्ठभागावरचे अणू जागचे हलतात आणि त्यांतले काही द्रावणात निघून जातात. घाटरस्त्याला हे दर वळणावर घडतं. विरघळलेलं काही प्लॅटिनम पडद्यात शिरतं, तिथे त्याला पलीकडून आलेला हायड्रोजन भेटतो आणि ते पुन्हा धातू होऊन पडद्याच्या आतच एका पट्ट्यात साचतं. जुना घट उभा कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हा पट्टा स्पष्ट दिसतो. पडद्याच्या मधोमध अडकलेलं ते प्लॅटिनम घटाच्या कामाचं राहिलेलं नसतं.

दुसरा घाव कार्बनवर बसतो, आणि तो घट चालू असताना नव्हे तर चालू होताना बसतो. गाडी रात्रभर उभी राहिली की हायड्रोजनच्या कप्प्यातही हवा शिरते. सकाळी हायड्रोजन सोडला की काही क्षण त्या कप्प्याच्या एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्या टोकाला हवा असते. हवेच्या टोकासमोरच्या कॅथोडचं व्होल्टेज तेवढ्या वेळात दीड व्होल्टच्या जवळ उसळतं. इतक्या व्होल्टेजला कार्बन पाण्याशी क्रिया करतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. ज्या कार्बनवर प्लॅटिनमचे कण बसलेले असतात तोच पायाखालून जातो. कण सुटतात, एकमेकांना चिकटतात, उत्प्रेरकाच्या थरातली पोकळी कोसळते आणि हवेला आत जायला वाट राहत नाही. ही यंत्रणा २००५ च्या सुमारास नीट उलगडली. तोवर घट अमुक इतके तास चालला, एवढंच लोक मोजत होते. तो किती वेळा बंद-चालू झाला हे फारसं कोणी मोजत नव्हतं. शहरातल्या बसला तासांपेक्षा या बंद-चालूंचाच जाच अधिक.

आता उत्प्रेरकाच्या घडणीकडे वळतो, कारण पुस्तकाचा गाभा तोच आहे. प्लॅटिनममध्ये निकेल किंवा कोबाल्ट मिसळलं की त्याची ऑक्सिजनवरची पकड हवी तेवढी सैल होते. लहान अणूंच्या संगतीने प्लॅटिनमच्या अणूंची जाळी थोडी आकसते, आणि पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन वेगळे वागू लागतात. ही कल्पना आजच्या घटातून आलेली नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत फॉस्फोरिक आम्लाच्या घटांसाठी व्हॅनेडियम, क्रोमियम, कोबाल्ट यांच्यासोबतची प्लॅटिनमची संमिश्रं तपासली गेली, आणि तिथूनच ती पुढे पडद्याच्या घटांत आली. २००७ मध्ये अमेरिकेच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या व्होयिस्लाव्ह स्टामेन्कोविच आणि नेनाद मार्कोविच यांच्या गटाने प्लॅटिनम-निकेलच्या एका विशिष्ट स्फटिकपृष्ठाची क्रियाशीलता तशाच शुद्ध प्लॅटिनमच्या दहापट आहे असं दाखवलं. त्यानंतर या क्षेत्रात शर्यत लागली. अष्टफलक कण आले, पोकळ सांगाडे आले, खडबडीत नॅनोतारा आल्या. एका मिलिग्रॅम प्लॅटिनममागे मिळणाऱ्या प्रवाहाचे आकडे वर्षागणिक चढत गेले. २०१६ मध्ये खडबडीत प्लॅटिनम तारांसाठी १३.६ अँपिअर असा आकडा प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने गाडीतल्या घटासाठी ठरवलेलं उद्दिष्ट होतं ०.४४.

एवढ्या मोठ्या यशानंतर प्रश्न संपायला हवा होता, पण तो संपला नाही. याचं कारण समजायचं तर हे आकडे कसे मोजतात ते जवळून पाहावं लागेल. पाच मिलिमीटर व्यासाची काचेसारख्या कार्बनची चकती ॲल्युमिनाच्या लेपावर आठाच्या आकड्यात घासून आरशासारखी करतात. उत्प्रेरकाची काळी भुकटी आधी पाण्याने भिजवतात. हा क्रम चुकवायचा नसतो, कारण कोरड्या प्लॅटिनम-कार्बनवर थेट अल्कोहोल पडलं तर ते पेट घेऊ शकतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पॉलिमरचे थेंब घालून बर्फात ठेवलेल्या भांड्यात ध्वनिलहरींनी घुसळतात. तयार झालेल्या शाईचे दहा मायक्रोलिटर चकतीवर सोडतात. थेंब कडेला जाड आणि मधे पातळ वाळला तर मोजणी फसते, म्हणून चकती हळू फिरवत वाळवतात. नंतर विरल परक्लोरिक आम्लात मिनिटाला १६०० फेरे फिरवत मोजणी करतात. काचेची भांडी आठवडाभर आम्लात भिजवून शुद्ध पाण्यात उकळलेली असावी लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड थेंबभर जरी गेलं तरी वक्र खाली बसतो. हे काम नीट शिकायला विद्यार्थ्याचं एक सत्र जातं, आणि ते जायलाच हवं.

ही मोजणी अचूक आहे, पण ती एका थेंबाची आहे, खोलीच्या तापमानाला, भरपूर द्रावणात, काही मिनिटांची आहे. घटात उत्प्रेरकाचा थर जाड असतो, ऐंशी अंशांचं तापमान असतं, पाणी कधी जास्त कधी कमी असतं, आणि काम हजारो तासांचं असतं. निकेलने भरलेला देखणा अष्टफलक तिथे गेला की त्यातलं निकेल आम्लात विरघळून बाहेर पडतं, कडा गोलावतात, आणि सुटलेले धातूचे आयन पॉलिमरमधल्या प्रोटॉनच्या जागा अडवून बसतात. लोखंड असेल तर आणखी वाईट, कारण ते पेरॉक्साइडपासून पडदा खाणारे मूलक तयार करतं. थेंबातले दोन अंकी आकडे घटात आले की बहुतेक वेळा एकाच्या खालीच उतरतात. म्हणून मी या पुस्तकाच्या मताशी सहमत आहे. या विषयात पहिल्या दिवसाच्या क्रियाशीलतेला गरजेपेक्षा फार जास्त मान मिळाला. उत्प्रेरकाची परीक्षा शेवटच्या दिवशीच्या आकड्याने व्हायला हवी.

टिकाऊपणा हाच हेतू धरून केलेल्या रचनांत मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो क्रमबद्ध संमिश्रांचा मार्ग. साध्या संमिश्रात प्लॅटिनम आणि कोबाल्टचे अणू फेकून पेरलेल्या भातासारखे कुठेही पडलेले असतात, क्रमबद्ध संमिश्रात ते दोरी धरून लावणी केल्यासारखे असतात : एक थर प्लॅटिनमचा, एक कोबाल्टचा, पुन्हा प्लॅटिनमचा. अशा रांगेतला कोबाल्ट दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमला घट्ट बांधलेला असतो, आणि वर प्लॅटिनमचे दोन-तीन थर असले की आम्ल त्याच्यापर्यंत सहज पोचत नाही. अडचण ही की अणूंना रांगेत आणायला सहाशे-सातशे अंशांवर तापवावं लागतं, आणि एवढ्या उष्णतेत लहान कण एकमेकांत वितळल्यासारखे मिसळून मोठे होतात. म्हणून आधी कणांवर सिलिका, मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा कार्बनचं पातळ कवच चढवायचं, तापवून झाल्यावर ते काढायचं, किंवा कण जागीच धरून ठेवेल असा गंधकयुक्त कार्बन खाली घ्यायचा, अशा युक्त्या लोकांनी शोधल्या. २०१९ मध्ये ब्राउन विद्यापीठ आणि लॉस अलामोस यांच्या गटाने असा क्रमबद्ध कोबाल्ट-प्लॅटिनम कण थेट घटात तपासला. सुरुवातीचा आकडा ०.५६ अँपिअर, आणि व्होल्टेजच्या ३०,००० चढउतारांनंतरची घसरण अवघी १९ टक्के. उद्दिष्ट ४० टक्क्यांपर्यंत घसरण चालेल असं होतं. १३.६ च्या शेजारी ०.५६ हा आकडा किरकोळ दिसतो. माझ्या दृष्टीने या दोहोंतलं मोठं काम दुसरं आहे.

इतर मार्ग मी केवळ नमूद करतो. ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या रादोस्लाव्ह आडझिच यांनी स्वस्त गाभ्यावर प्लॅटिनमचा एकच अणुथर चढवण्याची पद्धत विकसित केली. थ्रीएम कंपनीने कार्बन पूर्णच टाळून सेंद्रिय रंगद्रव्याच्या सूक्ष्म तंतूंवर प्लॅटिनम बसवलं. कार्बन गंजला नाही, पण थंडीत आणि ओलाव्यात पाणी साचण्याचा त्रास त्या थराला झाला. प्लॅटिनमऐवजी लोह-नायट्रोजन-कार्बनचे उत्प्रेरकही बरेच पुढे आले आहेत. पण आम्लात त्यांचा टिकाव अजून कमी आहे, आणि गाडीच्या बाबतीत निदान सध्या तरी प्लॅटिनमशिवाय गत्यंतर नाही, असं माझं मत आहे.

आता हे सगळं मराठी वाचकाने का वाचावं? पहिलं कारण असं की हे काम महाराष्ट्रात चाललं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट ऑक्सिजन क्षपणाचे उत्प्रेरक आणि घट या दोन्हींवर दीर्घकाळ काम करत आला आहे. २०१६ पासून ही प्रयोगशाळा, कारैकुडीची केंद्रीय विद्युत-रासायनिक संस्था आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी मिळून वाहनासाठीचा घट विकसित केला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी प्रयोगशाळेच्या आवारात झाली, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात हायड्रोजन बस लोकांपुढे आली. माणगावातून निजामपूर-विळे करत ताम्हिणी चढलं की पुण्याच्या ज्या टोकाला आपण उतरतो, त्या पाषाण भागातच ही प्रयोगशाळा आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ती लांब वाटते, पण घाट ओलांडला की ती समोरच आहे.

दुसरं काम अंबरनाथला आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. संरक्षण संशोधन संस्थेच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा इंधन घट विकसित केला. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला हवेसाठी वारंवार वर यावं लागतं आणि तेव्हाच ती शत्रूला सापडते. हवेवाचून चालणारी ही यंत्रणा तिला बराच काळ पाण्याखाली ठेवू शकते. हायड्रोजन साठवून न नेता जहाजावरच तयार करायचा, हे या रचनेचं वैशिष्ट्य. ८ मार्च २०२१ रोजी तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची शेवटची मोठी चाचणी यशस्वी झाली. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स या कंपन्या या कामात सोबत होत्या. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने माझगाव गोदीशी सुमारे १,९९० कोटींचा करार केला, तो ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी. त्या घटातही कॅथोडवर प्लॅटिनमच आहे, आणि तेही दोनशे अंशांच्या आसपासच्या फॉस्फोरिक आम्लात. तिथे फॉस्फेटचे आयन प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर बसून ऑक्सिजनची जागा अडवतात आणि कार्बन अधिक वेगाने गंजतो. समुद्राखाली आठवडे काढणाऱ्या बोटीत उत्प्रेरक बदलता येत नाही. टिकाऊपणाचा अर्थ तिथे सर्वांत कडक होतो.

दुसरं कारण पैशाचं आहे. जगातलं सुमारे सत्तर टक्के प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येतं. ओडिशात बौला-नौसाही भागात साठे आढळले आहेत, पण भारतात प्लॅटिनमची खाण चालत नाही. जे आहे ते आयात होतं किंवा जुन्या वस्तूंतून परत मिळवलं जातं. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला १९,७४४ कोटींची मंजुरी दिली. उद्या त्यातून हायड्रोजन स्वस्त झाला तरी घटातलं प्लॅटिनम दर काही वर्षांनी परदेशातून आणावं लागणार असेल, तर तेलाची आयात जाऊन धातूची आयात येईल. उत्प्रेरक दुप्पट टिकला तर तेच प्लॅटिनम दुप्पट वर्षं देशात राहतं. क्रियाशीलता दुप्पट करण्यापेक्षा आपल्या देशाला हा नफा अधिक मोलाचा आहे.

तिसरं कारण आपल्या हवेचं. बहुतेक चाचण्या बाटलीतल्या शुद्ध हवेवर होतात. मुंबई-गोवा महामार्गावर हायड्रोजनचा ट्रक आला तर तो माणगावची हवा घेणार आहे. समुद्र लांब नाही, वाऱ्यात मीठ असतं. मिठातलं क्लोराइड प्लॅटिनमवर बसतं, ऑक्सिजनची वाट अडवतं आणि प्लॅटिनमशी विरघळणारी संयुगं करून झीज वाढवतं. सोडियम पडद्यातल्या प्रोटॉनच्या जागा घेतं. पुढच्या ट्रकचा डिझेलचा धूर आणि महाडच्या बाजूच्या रासायनिक वसाहतीची हवा यांतला सल्फर डायऑक्साइड तर पृष्ठभागाला चिकटून बसतो. त्याला हुसकायचं तर व्होल्टेज वर न्यावं लागतं, आणि वर नेलं की प्लॅटिनम विरघळतं. औषधच रोग वाढवतं. कार्बनचे गाळणे लावता येतात, पण मृगापासून चार महिने चिंब राहणाऱ्या कोकणात ते किती काळ पुरतील हे इथेच तपासावं लागेल. युरोप-अमेरिकेतल्या चाचण्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे आणून इथे लावता येणार नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हायड्रोजन सगळीकडे चालेल असं मला वाटत नाही. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, तिथे तारेतून येणारी वीज सरस आहे. शहरातल्या लहान गाड्यांना बॅटरी पुरेल. लांब पल्ल्याचा जड ट्रक, बोट, पाणबुडी, जिथे बॅटरीचं वजन आणि भरायचा वेळ परवडत नाही, तिथे इंधन घटाची जागा आहे. आणि ही सगळी वाहनं मोटारीपेक्षा कितीतरी जास्त तास चालतात. मोटारीचं आयुष्य आठ हजार तास धरलं जातं, जड ट्रकसाठी अमेरिकेने २५,००० ते ३०,००० तासांचं उद्दिष्ट ठेवलं आहे. तिथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या एकत्रित प्रकल्पाने तर उद्दिष्टाचा आकडाच बदलला. पहिल्या दिवशी किती शक्ती मिळते हे न विचारता, २५,००० तासांच्या तोडीच्या जाचानंतर एका ग्रॅम प्लॅटिनममागे अडीच किलोवॅट मिळतात का, हे ते विचारतात. मला हा बदल या क्षेत्रातल्या गेल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही नव्या कणापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. विद्युत-रसायन ज्यांना नवीन आहे त्यांनी क्रमाने वाचावं. ज्यांचा पाया पक्का आहे त्यांनी झिजेच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि मग संमिश्रांकडे यावं, म्हणजे कोणती रचना कशाला उत्तर म्हणून आली हे कळेल. परिभाषा पाठ्यपुस्तकातलीच ठेवली आहे. जिथे प्रयोगशाळेत सगळे कॅथोड, स्टॅक, इलेक्ट्रोड म्हणतात तिथे तेच शब्द आहेत, आणि ते योग्यच झालं.

लोणेऱ्याला आपलं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथल्या आणि जिल्ह्यातल्या इतर महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या, रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. फिरती चकती आणि एक पोटेन्शिओस्टॅट यांवर पहिलं शिक्षण होऊ शकतं, त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. नवा उत्प्रेरक बनवायची घाई करू नका. बाजारात मिळणारा साधा प्लॅटिनम-कार्बन घ्या, त्याच्यावर ३०,००० चढउतार करा, शुद्ध आम्लात करा, मग चिमूटभर मीठ घातलेल्या आम्लात करा, आणि दोन्हींचे वक्र शेजारी ठेवा. कोकणातल्या हवेतली झीज मोजणारं काम कोकणात व्हावं. आणि जे आकडे छापाल त्यांत पहिल्या फेरीच्या आकड्याशेजारी शेवटच्या फेरीचा आकडा त्याच तक्त्यात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.

माणगाव, जि. रायगड